टेकडीवर कोण किती वर राहतं

जगात बऱ्याच ठिकाणी टेकडीवरचं घर म्हणजे पैसेवाल्याचं घर. वारा, मोकळं आकाश, खिडकीतून दिसणारं शहर, हे सगळं पैसे मोजून घ्यायचं. आमच्याकडे उलटं आहे. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या आजूबाजूला तुम्ही जितके वर चढत जाल तितकं घर लहान होत जातं, रस्ता अरुंद होत जातो, मग रस्त्याची गल्ली होते, गल्लीच्या पायऱ्या होतात, आणि अगदी माथ्यावर गेलात की एकदम देव. मधे श्रीमंत कुणी नाही. श्रीमंत खाली, सपाटीला, गाडी दारात लागते तिथं.

आमच्याकडे म्हणजे सहकारनगर, लक्ष्मीनगर, शिवदर्शन, पर्वती दर्शन, जनता वसाहत, तळजाई पठार हा सगळा पट्टा. कागदोपत्री याला सरसकट पर्वतीच म्हणतात, सातबाऱ्यावर पर्वती, इलेक्शनला मतदारसंघ पर्वती. पण कुणी विचारलं कुठं राहता, की लोक पर्वती म्हणत नाहीत, सहकारनगर नंबर एक की दोन इतकं तंतोतंत सांगतात, आणि समोरचा पुणेकर असेल तर त्यावरून त्याला आपली साधारण परिस्थिती कळलेली असते. माझं माहेर साताऱ्याचं, घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, त्यामुळे डोंगर उशाशी असण्याचं मला कौतुक नव्हतं. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं आपलं घर टेकडीवर आहे," आणि मी शोधत होते टेकडी कुठंय. सवय झाल्यावर कळलं. भाजी घेऊन येताना पिशवीच्या वजनावरून कळतं.

आकडे सांगायचे तर पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि पर्वतीचा माथा साधारण ६४०. म्हणजे जेमतेम ८० मीटरचा मामला, साताऱ्याची माणसं याला उंचवटा म्हणतील. पण पर्वती एकटी नाहीये. तिच्या मागून तळजाईचा डोंगर सुरू होतो आणि दक्षिणेकडे पसरत जातो, त्याच्या पलीकडच्या अंगाला सिंहगड रोड. आमच्या बाजूनं कात्रजकडून आंबील ओढा येतो, पद्मावती, अरण्येश्वर, मग दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. आणि पर्वतीच्या कमरेशी मुठा उजवा कालवा, खडकवासला धरणाचं पाणी घेऊन पार हडपसरच्या पुढं जाणारा. डोंगर, ओढा आणि कालवा. आमच्या भागात जे काही बरंवाईट झालं ते या तिघांमुळं, असं माझं मत आहे आणि ते मी कुणाशीही भांडून सिद्ध करू शकते.

पेशवाईचा भाग सगळ्यांना माहीत असतो म्हणून भराभर सांगते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं. आख्यायिका अशी की त्यांच्या आईचा, काशीबाईंचा, पाय दुखत होता, टेकडीवर आधीपासून देवीचं ठाणं होतं, तिला नवस बोलला, पाय बरा झाला, म्हणून देऊळ. पाय दुखणाऱ्या माणसासाठी १०३ पायऱ्यांवर देऊळ बांधायचं यातला विनोद आमच्या घरात दर श्रावणात एकदा तरी होतो. पायऱ्या मात्र ऐसपैस आहेत, हत्ती चढेल अशा.

खाली नानासाहेबांनी आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला, तळं केलं, तळ्यात बेट ठेवलं. पुढं सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये त्या बेटावर गणपती बसवला, तोच तळ्यातला गणपती, आजची सारसबाग. तळं पुढं बुजलं. पण ओढ्याला आपण जागचा हलवलाय ही गोष्ट ओढा विसरत नाही, त्यावर पुढं येते.

तेव्हा टेकडीच्या पायथ्याला रमणा होता. भिंत घातलेलं मोठं आवार, श्रावणात तिथं पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. कुठून कुठून, पार काशीपासून लोक यायचे. हा इतका मोठा खर्च होता की पेशवाई गेल्यावर इंग्रजांना त्याचं काय करायचं हा प्रश्न पडला, एकदम बंद केला तर लोक चिडणार, मग एल्फिन्स्टननं त्यातला काही पैसा वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि तिचंच पुढं डेक्कन कॉलेज झालं. म्हणजे पुण्याच्या कॉलेज शिक्षणाचं एक मूळ आमच्या पायथ्याला निघतं, पण याचा अभिमान इथं कुणाला असल्याचं ऐकलं नाही, सारसबागेबाहेरच्या पावभाजीचा जास्त आहे.

माथ्यावर मात्र सगळ्या दुःखाच्या गोष्टी. पानिपतची बातमी घेऊन खचलेले नानासाहेब जून १७६१ मध्ये इथंच गेले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई चालू होती ती दुसऱ्या बाजीरावांनी पर्वतीवरून बघितली. माझ्या मुलाला शाळेत हे शिकवल्यावर त्यानं वर जाऊन खडकी दिसते का बघितलं. आता इमारतीच दिसतात.

आणि एक गोष्ट जी टूरिस्ट बोर्डावर ठळक नसते पण असायला पाहिजे. ऑक्टोबर १९२९ चा पर्वती सत्याग्रह. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही दलित पुढारी मंडळी, बरोबर काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी, आणि मागणी एवढीच की आम्हालाही वर जाऊन दर्शन घेऊ द्या. सनातन्यांनी दगड मारले, शिव्या दिल्या, विश्वस्तांनी दार उघडलं नाही, सत्याग्रह काही महिने चालला आणि दार बंद ते बंदच राहिलं. ते उघडायला स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ उजाडावा लागला. मी म्हणते ना, या टेकडीवर कोण किती उंच जाणार हे कायम कुणीतरी ठरवत आलंय. आज त्याच पायऱ्यांवर सकाळी अर्ध पुणं ट्रॅकपँट घालून वरखाली करतं, दहा वेळा, वीस वेळा, देवाकडे बघतही नाहीत. हेही बरंच आहे.

आता आमच्या वस्तीचा खरा जन्म. तो १२ जुलै १९६१ चा. त्या दिवशी सकाळी पानशेत फुटलं.

धरण मातीचं, अजून पूर्ण झालेलं नव्हतं, पण पाणी अडवायची घाई होती. भिंतीच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी होती तिचं काम अपुरं राहिलेलं, पाण्याच्या जोरानं ती हादरायला लागली, वरची माती खचायला लागली. आदल्या रात्री जवान तिथं वाळूची पोती रचत होते, त्यामुळं काही तास मिळाले असं म्हणतात, नाहीतर तो लोंढा पुण्यावर रात्रीच आला असता आणि किती माणसं गेली असती याचा विचार करवत नाही. सकाळी पानशेत गेलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, आणि दुपारी खडकवासलापण गेलं. नदीकाठच्या पेठा, नारायण, शनिवार, कसबा, सगळीकडं पाणी, जुने मातीचे वाडे विरघळले. आणि गंमत बघा, गंमत म्हणू नये पण, शहरभर पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण पुण्याला पाणी देणारं धरणच फुटलेलं.

सासूबाई तेव्हा नारायण पेठेत होत्या, शाळेत जायच्या वयाच्या. त्यांची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की आता त्या थांबल्या तर मी पुढचं वाक्य सांगू शकते. लोक ओरडत होते, पर्वतीवर चला, पर्वतीवर चला. त्यांच्या आईनं देवघरातले टाक पदरात बांधले आणि गॅसवर, नाही नाही गॅस कुठला, शेगडीवर डाळ होती ती तशीच सोडली. वाटेत टांगेवाला पैसे घेईना, म्हणाला बसा आधी. पायऱ्यांवर सगळ्या पुण्याची माणसं, भिजलेली, कुणाच्या हातात पोपटाचा पिंजरा, कुणाच्या हातात शिवणाचं मशीन. वरून त्यांना त्यांची पेठ दिसत होती. घराचं काय झालं ते दोन दिवसांनी खाली गेल्यावर कळलं. घर नव्हतं. चौथरा होता आणि त्यावर चिखल, आणि चिखलात शेजारच्या काकांचं टेबल.

"मग टेकडी सुटलीच नाही गं," असं त्या म्हणतात.

म्हणजे झालं असं की घरं गेलेल्या हजारो कुटुंबांना कुठंतरी वसवायचं होतं, जुन्या शहरात जागा नव्हती, मग शहराबाहेरच्या उंच, कोरड्या जमिनी बघितल्या गेल्या. गोखलेनगर त्यातलंच. आणि इकडं पर्वतीच्या पायथ्याची, तेव्हा शेतं आणि माळरान असलेली जमीन. पूरग्रस्तांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढायच्या, सरकार जमीन देणार, असा प्रकार. आमचा भाग असा उभा राहिला, सोसायटी सोसायटीनं. अशा पूरग्रस्तांच्या पुण्यात १०३ सोसायट्या आहेत, आणि पर्वतीच्या पायऱ्यापण १०३, योगायोग आहे पण आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघात हे वाक्य टाळ्या घेतं. या सोसायट्यांचा जमिनीच्या मालकीचा प्रश्न मात्र दोन पिढ्या चालला. घर आपलं, जमीन सरकारची, त्यामुळं विकायचं तर परवानगी, पाडायचं तर परवानगी. माझे सासरे रिटायर झाल्यावर नोकरी करावी तशी ती फाईल सांभाळत होते.

सुरुवातीला इथं यायला कुणी तयार नव्हतं म्हणे. दिवे नाहीत, बस स्वारगेटपर्यंत, पुढं पायी, साप निघायचे. पेठेतले नातेवाईक विचारायचे, अहो तिकडं जंगलात कसं राहता. अरण्येश्वराचं देऊळ नावाप्रमाणे खरंच रानात होतं. ज्यांची ऐपत होती त्यांनी छोटे बंगले बांधले, खाली दोन खोल्या, वर गच्ची, आणि पैसे आल्यावर गच्चीवर आणखी दोन खोल्या, त्यामुळं आमच्याकडच्या जुन्या बंगल्यांचा वरचा मजला आणि खालचा मजला कधीच एकमेकांशी जुळत नाही. खाली दगडी जोतं, वर मोझॅकची फरशी. पुढं आंबा, मागं औदुंबर, कुंपणाला जास्वंद किंवा कन्हेर. पेठेत वाड्याच्या चौकात एक नळ बारा बिऱ्हाडांत वापरलेली माणसं ही, त्यांना एकदम स्वतःचं कुंपण मिळालं. त्यामुळं कुंपणाबद्दल ती फार हळवी. आमच्या गल्लीत दोन शेजाऱ्यांत फांदीवरून जो अबोला झाला तो मी आले तेव्हाही चालू होता आणि ते झाड आता पडलंय तरी चालू आहे.

पण त्याच लोकांनी वाड्यातली एक सवयही बरोबर आणली. कुणाच्या घरी काय शिजतंय, कोण आजारी, कुणाचा मुलगा अमेरिकेतून कधी येणार, हे सगळं सगळ्यांना माहीत. तुळशीबागवाले कॉलनीतून चालत निघालं तर बसस्टॉपपर्यंत चार जणांना उत्तरं द्यावी लागतात. मला सुरुवातीला याचा राग यायचा. लॉकडाऊनमध्ये नवरा ऑक्सिजनसाठी बेड शोधत फिरत होता तेव्हा हेच चार जण फोनवर होते, त्यानंतर मी उत्तरं द्यायला लागले.

आता वरची गोष्ट.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात, पर्वतीच्या उतारावर. १९७२ च्या दुष्काळात गावाकडं काही उरलं नाही म्हणून माणसं पुण्यात आली, बांधकामावर, हमालीवर, जे मिळेल त्यावर, आणि सपाटीवरची जागा सगळी कुणाच्या ना कुणाच्या नावावर होती, म्हणून ती उतारावर चढली. मावशी तेव्हा आईच्या कडेवर होत्या. त्यांच्या वडलांनी पहिल्यांदा चार बांबू आणि बारदान लावलं, मग पत्रा, मग मावशींचं लग्न झाल्यावर नवऱ्यानं विटा, आणि मुलगा नोकरीला लागल्यावर स्लॅब. पन्नास वर्षांत एक घर. आमच्या सोसायटीतल्या बंगल्यांचंही तेच आहे खरं तर, थोडं थोडं वाढलेलं, फक्त आमच्याकडं ब्लूप्रिंट होती.

जनता वसाहतीत पत्ता गल्लीच्या नंबरावर चालतो. मावशी सांगतात की सोयरीक जमवताना पण विचारतात गल्ली कितवी, कारण त्यावरून कळतं किती चढायचं. "ताई, पोरगी पाण्याचा हंडा घेऊन किती पायऱ्या चढणार ते बघायला नको का?" सिलेंडर खांद्यावरून न्यायचा, त्याचे वर पैसे वेगळे. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणायचं. पावसाळ्यात वरून दगड येतात. आणि तरी त्या घराच्या दारात उभं राहिलं की काय दिसतं, अख्खं पुणं दिसतं, संध्याकाळी दिवे लागताना तर बघत राहावं. मी एकदा म्हटलं, मावशी तुमच्याकडचा व्ह्यू काय भारी आहे. त्या हसल्या, म्हणाल्या, "व्ह्यू लई हाय ताई, पाणी न्हाई."

पाण्याचा मामला खरंच बघण्यासारखा आहे. पर्वतीच्या पायथ्याला महापालिकेचं जलकेंद्र, पाणी शुद्ध होतं तिथं, आणि टेकडीवर टाक्या. एचएलआर, एमएलआर, एलएलआर, म्हणजे वरची टाकी, मधली टाकी, खालची टाकी. पुण्यात ज्यांच्याकडे गुरुवारी पाणी बंद असतं त्यांना ही तीन नावं पेपरच्या जाहीर निवेदनातून पाठ झालेली असतात, पर्वती एचएलआर टाकी परिसर अमुक अमुक, एलएलआर परिसर तमुक तमुक. निम्म्या जुन्या शहराची तहान आमच्या टेकडीवरून भागते. आणि त्याच टेकडीच्या उतारावर मावशींच्या गल्लीत प्रेशर नसतं, पहाटे उठून बारीक धारेखाली बादल्या लावायच्या. टाकी आणि घर यात सरळ अंतर मोजलं तर हाक मारली तर ऐकू जाईल.

आणि पाणी जेव्हा येतं तेव्हा नको तसं येतं. २७ सप्टेंबर २०१८, सकाळची वेळ, जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली. भर उन्हात, पाऊस नाही काही नाही, आणि दांडेकर पुलापर्यंत पूर. खालच्या वस्त्यांमधली घरं धुऊन गेली, टीव्ही, फ्रिज, मुलांची दप्तरं. जबाबदारी कुणाची यावर उत्तर आलं की उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरली. मंत्र्यांनीच सांगितलं. यावर पुण्यानं वर्षभर विनोद केले, खेकड्याला अटक करा वगैरे. मावशींची बहीण तिथं खाली राहायची, तिला काही तो विनोद कळला नाही.

लगेच पुढच्या वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. कात्रजच्या बाजूला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि आंबील ओढा उठला. मी वर म्हटलं ना, ओढा विसरत नाही. अडीचशेहून जास्त वर्षांत त्याला वळवलं, मग त्याच्या काठावर घरं, मग पात्रात भराव, मग भिंती, मग पार्किंग, आणि त्यानं एका रात्रीत सगळं मोजून घेतलं. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. पुणे आणि आजूबाजूला मिळून वीसपेक्षा जास्त माणसं गेली त्या पावसात. गाड्या एकीवर एक चढलेल्या. आमच्या गल्लीत पाणी नाही आलं, आम्ही दोन वळणं वर आहोत. सासूबाई रात्रभर गॅलरीत उभ्या होत्या, बसा म्हटलं तर बसेनात, मधेच त्यांनी कपाट उघडून सगळी कागदपत्रं एका पिशवीत भरली आणि पिशवी दाराला अडकवून ठेवली. ती पिशवी अजून पावसाळ्यात तिथं असते, आम्ही कुणी काढत नाही.

म्हणजे बघा, वरच्यांना नळाला पाणी नाही, खालच्यांना घरात पाणी, आणि मधे आम्ही, ज्यांना पाणी म्हणजे दोन तास आणि टँकरवरची भांडणं. या भागाचा कसलाही इतिहास कुणी लिहायला घेतला तर पेशव्यांपासून सुरुवात न करता मीटरपासून करावी असं मला वाटतं. किती मीटर वर, एवढं विचारलं की बाकी सगळं कळतं.

तळजाईबद्दल न लिहिता हा लेख संपवला तर आमच्याकडचे लोक मला वाळीत टाकतील. तर, तळजाई. देवीचं देऊळ, मागं वनखात्याचं जंगल. जंगल म्हणजे बऱ्याच भागात ते गिरिपुष्प, ग्लिरिसिडिया, भराभर वाढतं म्हणून कधीकाळी लावलेलं, फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी डोंगर सुंदर दिसतो आणि लोक फोटो काढतात, पण त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. म्हणून आता देशी झाडं लावायची धडपड चालू असते. मोर आहेत, ओरडतात ते सहकारनगरपर्यंत ऐकू येतं. सकाळी सहाला गेलात तर जत्रा असते. दुधीचा रस, कारल्याचा रस, गव्हांकुर, शेजारीच गरम पोहे आणि वडा, आणि कारल्याचा रस पिऊन वडा खाणारे काका मी रोज बघते. हास्यक्लब आहे. कुत्री फिरवणारे विरुद्ध कुत्र्यांना घाबरणारे असा कायमचा वाद आहे. वाघ मारल्याच्या आवाजात राजकारणावर बोलणारा रिटायर बँकवाल्यांचा ग्रुप आहे. आणि यांच्याच मधून, पाठीवर जळणाची मोळी घेतलेली, तळजाई पठारावरच्या वस्तीतली एखादी बाई खाली मान घालून निघून जाते. तिच्यासाठी हा वॉक नाही.

हे जंगल वाचलं ते आपोआप नाही वाचलं. टेकड्यांवर बांधकाम करायचं की नाही हा पुण्यात कायमचा वाद आहे, डोंगरमाथा-डोंगरउतार म्हणून नकाशावर रंग दिलेला असतो आणि तो रंग बदलावा म्हणून लोक बसलेले असतात. दर काही वर्षांनी कुणालातरी इथून रस्ता काढावासा वाटतो, बोगदा करावासा वाटतो, मग सकाळचे फिरणारे सह्या गोळा करतात, बोर्ड घेऊन उभे राहतात. मीपण सही करते. पण सही करताना मला मावशींच्या घराचंही आठवतं, कारण टेकडी वाचवा म्हणणाऱ्यांतले काही जण झोपड्या हटवा हेसुद्धा त्याच दमात म्हणतात, आणि स्वतःच्या बंगल्याची जमीनही पूर्वी टेकडीचा पायथाच होती याचा विषय निघत नाही.

सध्या विषय एकच, रिडेव्हलपमेंट. स्वारगेटला मेट्रो आल्यापासून तर विचारू नका. आमच्या गल्लीत आठवड्याला एक तरी बंगला पडतोय. सकाळी ब्रेकरचा आवाज, दुपारी धूळ, आणि संध्याकाळी पाडलेल्या घराच्या सागवानी चौकटी टेंपोत भरून चाललेल्या. तिथं अकरा मजली, बारा मजली टॉवर येतायत, आणि जाहिरातीत लिहितात पर्वती व्ह्यू, तळजाई हिल्स फेसिंग. म्हणजे आता पैसेवालापण वर चढायला लागला, फक्त तो डोंगर न चढता लिफ्टनं चढतोय. जनता वसाहतीतही एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, बोलणी वर्षानुवर्षं चालू असतात, बिल्डर येतात, मीटिंगा होतात, सर्व्हे होतो. मावशींना विचारलं की बिल्डिंगीत जायला आवडेल का, तर त्यांचा पहिला प्रश्न लाईटबिलाचा आणि दुसरा लिफ्टचा. "बंद पडल्यावर परत पायऱ्याच ना ताई? मग हितंच काय वाईट हाय, हितं निदान दारात बसता येतं."

आमच्या सोसायटीचं पण चाललंय. बिल्डर ठरतोय, मोडतोय, परत ठरतोय. कॉमन रूम नसल्यामुळं मीटिंगा आमच्याच पार्किंगमध्ये होतात, चहा माझ्याकडे. परवाच्या मीटिंगमध्ये कोणाला कितवा मजला हा विषय निघाला. सगळे ज्येष्ठ खालचा मजला मागत होते, गुडघे, लिफ्ट, लाईट जाते वगैरे कारणं. सासूबाईंचे गुडघे सगळ्यांत वाईट, त्यांनाच आधी विचारलं. त्या म्हणाल्या, सहावा किंवा त्याच्या वरचा. नवऱ्यानं समजावलं, सेक्रेटरी काकांनी समजावलं, मी चहा देता देता म्हटलं आई निदान दुसरा घ्या. नाही म्हणजे नाही. शेवटी सेक्रेटरी काकांनी कागदावर पेन्सिलीनं सहावा लिहिला, पेनानं नाही, आणि पुढचा मुद्दा घेतला. तो गाडी लावायच्या जागेचा होता, त्यामुळं मीटिंग साडेदहापर्यंत चालली.